जुन्या प्रॉग अल्बमांचे रीमिक्स : जीर्णोद्धार की ऑइलपेंट?

कोपरीचा राजा | शनिवार, रात्री ११.४०

गेल्या रविवारी पावसाने उघडीप दिली म्हणून माळ्यावरची कॅसेटची पेटी खाली काढली. चाळीसेक कॅसेट, आणि निम्म्याहून जास्त रिळांवर पांढरी बुरशी. ठाण्याच्या पावसाळ्यात बरणीतले पापड सादळतात, तिथे टेपची काय कथा. सगळ्यात हळहळ वाटली ती जेथ्रो टल या प्रॉग, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक, बँडच्या 'ॲक्वालंग' अल्बमची. कॉलेजात असताना मित्राच्या दादाच्या एलपीवरून नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर उतरवून घेतला होता. बी साइडला उरलेल्या जागेत आमच्या चाळीच्या गणपतीची आरती होती. ती तिथे कशी आली ते आता कुणालाच आठवत नाही.

कॅसेट गेली म्हणून मोबाइलवरून पॉर्क्युपाइन ट्री बँडवाल्या स्टीव्हन विल्सनने केलेला २०११ चा रीमिक्स लावला. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "हा तोच का, विहिरीतून गाणारा? बाहेर आला वाटतं."

अगदी बरोबर बोलली. आणि दोष माझ्या कॅसेटला देत होतो ते चुकीचं होतं. 'ॲक्वालंग' १९७१ साली निघाला. लंडनच्या बेसिंग स्ट्रीटवर एका जुन्या चर्चमध्ये आयलंड या रेकॉर्ड कंपनीने नवाकोरा स्टुडिओ थाटला होता, तिथे तो रेकॉर्ड झाला आणि त्या मोठ्या खोलीत आवाज काही केल्या मनासारखा लागेना. एलपीच दबकी निघाली. चाळीस वर्षं लोकांनी तो अल्बम गोधडीखालून ऐकला. विल्सनने मूळ मल्टीट्रॅक टेप (प्रत्येक वाद्य वेगळ्या पट्टीवर) उघडल्या तर खाली सगळं शाबूत: मार्टिन बारच्या गिटारची धार, अकूस्टिक गिटारच्या तारेवर बोट सरकल्याचा आवाजसुद्धा.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात. रीमास्टर म्हणजे तयार वाटणाला वरून मीठ-लिंबू लावणं. वाटण एकदा वाटलं की त्यातलं खोबरं वेगळं काढता येत नाही. रीमिक्स म्हणजे वाटायच्या आधीच्या वाट्यांकडे परत जाणं. खोबरं वेगळं, मिरची वेगळी, लसूण वेगळा, आणि पुन्हा नव्याने वाटायचं. म्हणून रीमिक्स करणाऱ्याच्या हाताला फार महत्त्व.

आमच्या गावी, राजापूर तालुक्यात, जांभ्या दगडाचं देऊळ आहे. काही वर्षांपूर्वी त्याचा जीर्णोद्धार झाला. म्हणजे गाभाऱ्याला पिस्ता रंगाचा ऑइलपेंट आणि सभामंडपाला बाथरूमच्या टाइल्स. रीमिक्सचंही तसंच होतं. 'ॲक्वालंग'चा रीमिक्स म्हणजे कुणीतरी बसून रंग खरवडला आणि दगड मोकळा केला. उलट जेनेसिस बँडचे जुने अल्बम निक डेव्हिसने २००७-०८ मध्ये रीमिक्स केले, ते मला पिस्ता ऑइलपेंट वाटतात. आवाज मोठा, चकचकीत, कुठे सावलीच नाही. त्यांचं 'सपर्स रेडी' हे गाणं तेवीस मिनिटांचं आहे. सुरुवातीला कुजबुज आणि शेवटी आभाळ फाटलं पाहिजे. कुजबुजच मोठ्याने केली तर शेवटी काय फाडणार?

रशचा 'व्हेपर ट्रेल्स' तर मुळातच ऑइलपेंट होता. त्यांचा ड्रमवाला नील पर्ट याची मुलगी आणि बायको दहा महिन्यांच्या आत गेल्या, बँड जवळजवळ संपला, आणि मग २००२ साली हा अल्बम आला. इतका जीव ओतलेला, पण आवाजाची पातळी इतकी वर ढकललेली की दहा मिनिटांत कान दुखतात. २०१३ मध्ये डेव्हिड बॉट्रिलने रीमिक्स केला तेव्हा पहिल्यांदा कळलं की आत गाणी आहेत.

तर मंडळी, तुमचे खरवडलेले कोणते आणि रंगवलेले कोणते?

गोट्या वर्तकनगर | रात्री ११.५२

जागा धरायला रुमाल टाकून ठेवतो. तेवीस मिनिटांचं गाणं म्हणजे आमच्याकडे घोडबंदर रोडवरून घरी पोचेपर्यंत एक कडवं.

सागरविहार | रविवार, सकाळी ८.१५

राजे, वाटणाचा दृष्टान्त झकास, पण त्यात एक गोम आहे. वाशीला डबिंग-मिक्सिंगची कामं करतो म्हणून राहवत नाही.

वाट्या नेहमी वेगळ्या नसतात. किंग क्रिमझनचा पहिला अल्बम घ्या, १९६९ चा. तेव्हा टेपवर आठच ट्रॅक. ड्रम, बास, गिटार घेतले की आठ भरले. मग ते सगळं एकत्र करून एक-दोन ट्रॅकवर उतरवायचं आणि मोकळ्या झालेल्या जागेत मेलोट्रॉनचे (टेपवर चालणारा कीबोर्ड) थर चढवायचे. दर वेळी उतरवताना खरखर वाढते आणि धार जाते. म्हणजे अर्धं वाटण १९६९ सालीच वाटलेलं. २००९ च्या रीमिक्सला विल्सनने उतरवण्याच्या आधीच्या टेप घेतल्या आणि संगणकावर एकमेकींना जुळवल्या. त्यामुळे त्यातले ड्रम कदाचित १९६९ मध्ये बँडनेही एवढे स्वच्छ ऐकले नसतील.

आणि वाट्याच हरवल्या तर? ईएलपीच्या (इमर्सन, लेक अँड पामर) पहिल्या अल्बममधल्या काही गाण्यांच्या मल्टीट्रॅक टेप सापडल्याच नाहीत. २०१२ च्या रीमिक्समध्ये ती गाणी नाहीत. मला हे प्रामाणिक वाटलं.

गोट्या वर्तकनगर | सकाळी ८.३१

साहेब, जुन्या टेप भट्टीत भाजतात असं ऐकलंय. राजांच्या कॅसेट ओटीजीत ठेवल्या तर?

सागरविहार | सकाळी ८.४७

अजिबात नको! गंमत म्हणून कुणी करून बसेल म्हणून सविस्तर लिहितो.

भाजतात ते खरं, पण तो रोग वेगळा. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून आलेल्या काही स्टुडिओ टेपमध्ये चुंबकीय भुकटी धरून ठेवणारा चिकट थर हवेतलं पाणी शोषतो आणि लिबलिबीत होतो. टेप फिरवली की थर हेडला चिकटून सुटून येतो. अशी टेप ५०-५५ अंश सेल्सियसला काही तास ठेवतात, पाणी उडतं, आणि पुढचे काही दिवस ती वाजवता येते. तेवढ्यात तिची डिजिटल प्रत करून घ्यायची.

राजांच्या कॅसेटना बुरशी आहे. ती भाजून जात नाही, वर प्लास्टिकचं कवच वाकडं होईल. बुरशीची कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालूही नका. हेडवरून बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. आधी कोरड्या जागी, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवा. मग मऊ कापडाने हलक्या हाताने पुसून, टाकाऊ प्लेअरवर एकदाच वाजवून उतरवून घ्या. आणि हे करताना नाकाला रुमाल बांधा. धाग्यावर टाकला तो नव्हे.

जुनं खोड | सकाळी १०.०५

येस बँडच्या 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स'चं नाव अजून कुणी घेतलं नाही म्हणून मी घेतो. १९७३, चार बाजू, चार गाणी. गायक जॉन अँडरसनला कल्पना सुचली ती परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून: श्रुती, स्मृती, पुराण, तंत्र. एका तळटीपेवर ऐंशी मिनिटं! आपल्याकडच्या कीर्तनकारांनीही हात जोडावेत.

कीबोर्डवाल्या रिक वेकमनला तो अल्बम मुळीच आवडत नव्हता. मँचेस्टरच्या कार्यक्रमात त्याला वाजवण्यासारखं फारसं नव्हतं, तेव्हा त्याने स्टेजवरच करी मागवून खाल्ली. नंतर बँडही सोडला.

मी मूळ एलपी ऐकत आलोय आणि २०१६ चा विल्सनचा रीमिक्सही ऐकलाय. रीमिक्समध्ये दुसरी बाजू पहिल्यांदा शेवटपर्यंत जागेपणी ऐकली. याहून मोठं प्रशस्तिपत्र माझ्याकडे नाही.

धा तिरकिट | दुपारी १.२०

नेरूळहून नमस्कार. मी मुळात शास्त्रीयवाली, प्रॉग नवऱ्यामुळे कानावर पडतं. धाग्याच्या शीर्षकाशीच माझं भांडण आहे.

जीर्णोद्धार म्हटलं की मूळ देऊळ एकच आणि बाकी सगळी त्याची वाट लावणारी किंवा वाचवणारी माणसं, असं होतं. पण मल्टीट्रॅक टेप हे देऊळ कुठे आहे? ती बंदिश आहे. शब्द तेच, सम तीच, पण कुठे थांबायचं, काय पुढे आणायचं हे गाणाऱ्याचं. १९७१ चा मिक्स हीसुद्धा एक मैफलच होती. त्या दिवशी त्या खोलीत ती जरा बेसूर झाली, इतकंच. विल्सन दुसऱ्या घराण्याचा. त्याचं गाणं स्वच्छ, समजुतीचं, थोडं अतिसभ्य. ते 'मूळ' वगैरे काही नव्हे.

कोपरीचा राजा | दुपारी २.०४

ताई, मान्य करायला जड जातंय, पण मुद्दा बोचला. तरी बंदिशीतही काही मर्यादा असतेच ना? किंग क्रिमझनच्या त्याच २००९ च्या रीमिक्समध्ये 'मूनचाइल्ड' कापलंय. शेवटचा सुटा, चाचपडत वाजवलेला भाग अडीच-तीन मिनिटांनी छोटा केला, तेही बँडच्या म्होरक्याच्या, रॉबर्ट फ्रिपच्या, संमतीने. बऱ्याच लोकांना तो भाग कंटाळवाणा वाटतो, मलाही वाटायचा. पण कापल्यावर त्याच्यामागून येणाऱ्या 'कोर्ट' या शीर्षकगीताचा पहिला तडाखा तितका बसत नाही. तो कंटाळा कामाचा होता.

धा तिरकिट | दुपारी २.३०

मग तुम्हाला ती मैफल आवडली नाही, एवढंच म्हणा. बेकायदेशीर म्हणू नका. ज्याने बांधली त्यानेच आलाप आटोपता घेतला.

सागरविहार | दुपारी ३.१०

ताईंच्या तर्काने गेलं तर पिंक फ्लॉइडचा 'मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन' कुठे बसवायचा? १९८७ च्या मूळ अल्बममध्ये बरेचसे ड्रम यंत्राचे किंवा बाहेरच्या वादकांचे, आणि बँडचा कीबोर्डवाला रिक राइट तर नावापुरता. २०१९ मध्ये नवा मिक्स काढताना बँडचा ड्रमवाला निक मेसन याच्याकडून ड्रम नव्याने वाजवून घेतले आणि राइटचे कीबोर्ड जुन्या कार्यक्रमांच्या रेकॉर्डिंगमधून आणून बसवले. राइट २००८ मध्येच वारलेला. ही मैफल कुठल्या तारखेची?

धा तिरकिट | दुपारी ३.४४

ती मैफल नव्हे. तो ग्रुप फोटो. जे त्या दिवशी आले नव्हते त्यांना मागाहून चिकटवलं.

(ऐकायला मात्र बरा वाटतो, हे नवऱ्याच्या आग्रहावरून लिहिते.)

गोट्या वर्तकनगर | दुपारी ३.५०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

जुनं खोड | सायंकाळी ५.३०

फ्लॉइडवरून आठवलं. त्यांच्या 'ॲनिमल्स'चा रीमिक्स जेम्स गथ्रीने २०१८ मध्येच करून ठेवला होता. आत छापायच्या टिपणावरून बँडमधले रॉजर वॉटर्स आणि डेव्हिड गिल्मोर अडून बसले आणि तो बाहेर यायला २०२२ उजाडलं. बंद पडलेल्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेत असतात तसे दोघे. पण काम उत्तम. 'डॉग्ज'मधला बास आता पोटात लागतो. मूळ मिक्स कोरडा होता, आणि मला वाटतं त्या अल्बमला कोरडेपणा शोभत होता. दोन्ही ठेवलेत, दोन्ही ऐकतो.

आता जरा प्रत्यक्ष कार्यक्रमांकडे वळा. मैफल मैफल म्हणताय आणि सगळे बंद खोलीतल्या टेपवर बोलताय.

वॉटर्सला फेब्रुवारी २००७ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात एमएमआरडीए मैदानावर ऐकलं. उत्तरार्धात अख्खा 'डार्क साइड ऑफ द मून'. माझ्या शेजारी एक गुजराती आजोबा नातवाला घेऊन आले होते. 'टाइम'ची घड्याळं वाजली तेव्हा आजोबांनी मनगटावरचं घड्याळ कानाला लावून पाहिलं. त्या रात्रीचं रेकॉर्डिंग उद्या कुणी दिलं तरी त्यात आजोबा नसणार.

आणि एक न झालेला कार्यक्रम. जेथ्रो टल आणि अनुष्का शंकर, २९ नोव्हेंबर २००८, मुंबई. तिकीट खिशात होतं. २६ ला हल्ला झाला. तो कार्यक्रम रद्द करून त्यांनी ५ डिसेंबरला बळींच्या मदतीसाठी पुन्हा उभा केला. मला घरच्यांनी सोडलं नाही. आईने दाराची कडीच लावली. पनवेलहून मुंबईला त्या आठवड्यात कोण जाऊ देणार. २९ तारखेचं तिकीट अजून टलच्याच 'थिक ॲज अ ब्रिक'च्या कव्हरमध्ये आहे.

कोपरीचा राजा | सायंकाळी ६.०२

खोडबुवा, काय लिहिलंत. काही बोलत नाही.

आमच्या पिढीचं तीर्थ म्हणजे डिसेंबर २००९, आयआयटी पवई, तिथल्या मूड इंडिगो महोत्सवाला विल्सनचा बँड पॉर्क्युपाइन ट्री. ठाण्याहून जाऊन-येऊन रिक्षाला पैसे नव्हते, परतताना तिघे कांजूरमार्ग स्टेशनपर्यंत चालत गेलो. त्यांच्या गॅव्हिन हॅरिसनला ड्रमवर बघणं म्हणजे... तो घाम गाळत नाही हो! समोर पोरं उड्या मारतायत आणि हा हिशेबनीसासारखा शांत. २०१६ मध्ये विल्सन पुण्यात विकेंडर संगीत महोत्सवाला बँडशिवाय एकटा आला तेव्हाही गेलो. सुबक झालं, पण पवईची झिंग नव्हती. वय माझंही वाढलं होतं, हा भाग सोडून देऊ.

ऐरोलीची मैना | रात्री ९.१५

कालपासून वाचतेय. प्रॉगमधलं काही म्हणजे काही माहीत नाही. रोज ऐरोली ते ठाणे ट्रान्स-हार्बरने जाते, हेडफोन असतो. सुरुवात कुठून करू? तेवीस मिनिटं नको, माझा प्रवास तेवढा नाही. आणि एकाच अल्बमच्या पाच-पाच आवृत्त्या दिसतात, त्यातली कुठली?

सागरविहार | रात्री ९.४०

मैना, आवृत्तीचा गोंधळ खराच आहे. मी वापरतो त्या ॲपवर एका अल्बमचा मूळ मिक्स गुपचूप जाऊन त्या जागी नवा आला. माझ्या यादीत नाव तेच, आत माणूस बदललेला. नावापुढे 'रीमिक्स' आणि साल लिहिलंय का ते बघत जा.

सुरुवातीला किंग क्रिमझनचा 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक', १९७४. एक गंमत सांगतो, म्हणजे राजा आणि ताई दोघांचं समाधान होईल. तो स्टुडिओ अल्बम म्हणून विकला गेला, पण बहुतेक सगळा प्रत्यक्ष कार्यक्रमांतला आहे. बराचसा भाग नोव्हेंबर १९७३ च्या ॲम्स्टरडॅमच्या कार्यक्रमातला. टाळ्या, खोकले पुसून टाकले आणि मोजक्या जागी स्टुडिओतलं काम जोडलं. पूर्ण स्टुडिओत केलेली अशी पहिली दोनच गाणी. त्यातलं 'ट्रिओ' साडेपाच-सहा मिनिटांचं आहे. तुझ्या प्रवासात बसेल.

जुनं खोड | रात्री १०.१०

उलटं उदाहरणही द्या तिला. येसचा 'येसाँग्ज', १९७३, तीन एलपींचा प्रत्यक्ष कार्यक्रमांचा संच, पण आवाज असा की बँड शेजारच्या इमारतीत वाजवतोय. ड्रमवाला बिल ब्रुफर्ड 'क्लोज टू द एज' अल्बम संपवून क्रिमझनमध्ये निघून गेलेला, आणि त्याच्या जागी आलेल्या ॲलन व्हाइटला ती सगळी अवघड गाणी शिकायला मोजून तीन दिवस मिळालेले. २०१५ मध्ये त्याच दौऱ्यातले सात कार्यक्रम पूर्णच्या पूर्ण चौदा सीडींवर आले, 'प्रोजेनी' नावाने. तीच गाणी सात वेळा! बायकोने विचारलं, बिघडलंय का. पण सलग ऐकलं की व्हाइट रोज रात्री थोडा थोडा मोकळा होत गेलेला ऐकू येतो. हे 'येसाँग्ज'मध्ये कळत नाही, कारण तिथे वेचून वेचून लावलंय.

ऐरोलीची मैना | सोमवार, रात्री ८.५०

आज 'ट्रिओ' ऐकलं. म्हणजे सकाळी ऐकायचा प्रयत्न केला. सुरुवात इतकी हळू की आधी वाटलं हेडफोन गेला. त्यात डब्यातली उद्घोषणा, त्यात एका काकूंचा फोन. दिघा गेल्यावर कुठे व्हायोलिन ऐकू आलं. रात्री घरी आल्यावर अंधारात पुन्हा ऐकलं. फार सुंदर आहे. कुठे जाऊ नये असं वाटतं.

पण मला एक कळलं नाही. संगीत चौघांच्या नावावर आहे, त्यात त्या बिल ब्रुफर्डचंही नाव, आणि ड्रम कुठेच नाहीत. माझ्या फोनवर कुठली तरी खराब आवृत्ती आलीय का?

कोपरीचा राजा | रात्री ९.२०

नाही गं, आवृत्ती ठीक आहे. हे त्या रात्री स्टेजवर आयत्या वेळी सुचत गेलेलं. व्हायोलिन, बास, मेलोट्रॉन. ब्रुफर्ड ड्रमवर बसलेला, दोन्ही काठ्या छातीशी आडव्या धरून, आता घ्यावं की मग घ्यावं असं करत. शेवटपर्यंत त्याने एक ठोका दिला नाही. बाकीच्यांनी ठरवलं की हा निर्णयही रचनेचा भाग आहे, म्हणून चौघांचं नाव.

धा तिरकिट | रात्री ९.४५

आमच्या गुरुजींनी एकदा ठुमरीच्या साथीला अख्खा अंतरा तबल्यावर हात नुसता ठेवला होता. बाईंनी नंतर आत बोलावून पानाचा डबा पुढे केला. मानधन मात्र आयोजकांनी नेहमीचंच दिलं.

राजे, या 'ट्रिओ'चा रीमिक्स आहे का? ड्रम कितीसे पुढे घेतलेत ते बघू.

गोट्या वर्तकनगर | रात्री ९.५१

हा हा हा! ताई, खंप्लीट.

कोपरीचा राजा | रात्री १०.३०

ताई, दंडवत.

पुढच्या रविवारी दुपारी चार वाजता माझ्याकडे बसू या, कोपरीला. ५.१ (सभोवार स्पीकरवाली) यंत्रणा आहे, फक्त मागचा डावा स्पीकर देवघराच्या वर आहे आणि आई सहाला दिवा लावते तेव्हा बंद करावा लागतो. आधी 'ॲक्वालंग'चे दोन्ही मिक्स, मग खोडबुवांचा 'येसाँग्ज' विरुद्ध 'प्रोजेनी', शेवटी 'ट्रिओ' दिवे घालवून. सागरविहार, तुमचा टाकाऊ प्लेअर घेऊन या, बुरशीचं बघू. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

जुनं खोड | रात्री १०.४४

येतो. पनवेलहून थेट ठाणे गाडी किती वाजता आहे ते कुणी सांगा. रविवारी मेगाब्लॉक नसेल तर.

गोट्या वर्तकनगर | रात्री १०.४६

करी मी आणतो. वेकमनसाठी.